राजहंस माझ्या आवडीचे नाहीत

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे, गुडघा दुखत असतानाही उभं राहून दिलेले आशीर्वाद. तू आणि तुझे हे खुशाल असाल असं धरून चालते. त्यांचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना म्हणावं, आधी ती पंख्याखालची खुर्ची सोडा. आमच्याकडे तसं सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंबलतो. यांची प्रकृती मात्र डॉक्टरांच्या अगदी मनासारखी आहे, त्यामुळे ते दिवसभर घरात हिंडतात आणि कुणी न विचारता मतं देतात. फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण फोनवर तू हल्ली घाईत असतेस, आणि ही हकिगत घाईत ऐकण्यासारखी नाही. शांतपणे बस, चष्मा लाव आणि मध्ये उठू नकोस.

शिट्टीमास्तरांचा फोटो तुला आला असेलच. (शिट्टीमास्तर म्हणजे आमच्या शाळेतले कवायतीचे सर. ते निवृत्त झाले, गळ्यातली शिट्टी झाली नाही.) त्यांनी तो फोटो ओळखीच्या, बिनओळखीच्या आणि नुसता नंबर असलेल्या सगळ्या माणसांना पाठवलाय. फोटोत मी एका पलंगाएवढ्या चित्रासमोर उभी आहे, चित्रात दोन राजहंस आहेत, आणि खाली मास्तरांनी लिहिलंय, ‘बाईंच्या आवडीचं चित्र’. त्या फोटोत खरी गोष्ट एकच, ती म्हणजे मी. बाकी सगळं धादांत खोटं आहे. मी जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, आणि त्यातून कमावलं काय म्हणशील तर एवढंच, की माणसं पडद्याचं कापड आणायला निघाली तरी आधी माझ्याकडे डोकावून जायची. बाईंना विचारा, बाईंची नजर आहे, असं म्हणायची. ती सगळी अब्रू या दोन पाखरांनी पाण्यात घातली. परवा खालच्या मजल्यावरची शिंपीण मला जिन्यात थांबवून म्हणाली, की तिलाही राजहंस फार आवडतात. आम्हा दोघींचं जमलंय असं तिला वाटतंय.

आता पहिल्यापासून सांगते. चिरंजीवांनी नवं घर घेतलं हे तुला माहीतच आहे. त्या घरात दार उघडलं की समोर एक मोठी, कोरी, पांढरी भिंत येते. सूनबाई एका दुकानात काम करते, तिथे मोठमोठी चित्रं कापडावर छापून देतात. ती एक दिवस आली आणि म्हणाली, आई, त्या भिंतीवर तुमच्या आवडीचं चित्र लावायचंय. तुला म्हणून सांगते, मला फार बरं वाटलं. मुलाच्या नव्या घरात आपलं असं काय असतं गं? एखादा परत न आलेला डबा, आणि राहायला गेलो तर औषधांपुरता एक कप्पा. इथे अख्खी भिंत मिळत होती, तीही दारासमोरची. मी म्हटलं, मीच काढते की. पण माझा हात आता थरथरतो (हे तुझ्यापाशीच ठेव), आणि वहीच्या पानावर खपून जाणारी थरथर एवढ्या मोठ्या भिंतीवर खपत नाही. सूनबाईच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, दुकानात एक नवीन सोय आलीय, तुम्ही फक्त निवडा.

ही सोय म्हणजे चित्रं काढणारं यंत्र. पूर्वी म्हणे सांगाल ते काढायचं. आता ते आधी तुमची आवड शिकून घेतं आणि मग फक्त तुम्हालाच आवडेल असं काढतं. ऐकलंस का? आवड शिकून घेतं! मला माझी स्वतःची आवड कळायला केस पिकावे लागले, आणि हे म्हणे आठवड्यात शिकणार. मी विचारलं, याला शिकवणार कोण? सूनबाई म्हणाली, तुम्हीच. झालं! निवृत्त मास्तरणीला आयता विद्यार्थी मिळाला, तोही डबा खायला सुट्टी न मागणारा. मी पदर खोचून बसले.

तिने मला पाटीएवढा एक टॅबलेट आणून दिला. त्यावर एका वेळी दोन चित्रं यायची. जे आवडेल त्यावर बोट ठेवायचं, आणि काही सांगायचं असेल तर खाली लिहायचं. पहिलीच जोडी सांगते. डावीकडे खिडकीशी एक लाकडी टेबल, टेबलावर किटली, तिच्यावर तिरपं ऊन. बाकी काही नाही. उजवीकडे तळं, तळ्यात दोन राजहंस माना जुळवून त्यांचा बदाम करून बसलेले, मागे धबधबा, वर सूर्यास्त, आणि शिवाय पूर्ण चंद्र. (काही राहून जायला नको!) मी पापणी लवायच्या आत किटलीवर बोट ठेवलं. तो विषयच नव्हता. आणि मग वळले हंसांकडे, कारण खरं काम तिथे होतं.

तुला माझी पद्धत ठाऊक आहे. चांगल्या चित्राच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करायची, बस्स. जे चांगलं आहे त्याच्यापुढे आरत्या ओवाळत कशाला बसायचं? बिघडलेलं चित्र मात्र मी घरी आणायची, जेवणाच्या टेबलावर पसरायची, हे समोर ताट घेऊन ताटकळत बसलेले असले तरी पसरायची, आणि झाड कुठे चुकलं, छप्पर कुठे घसरलं ते पोराला दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसून दाखवायची. त्याच पद्धतीने मी या यंत्राला धरलं. हंस मोठा करून पाहिला. मान जिथे अंगाला जोडली होती तिथे पाण्याच्या नळाचा गुडघा बसवल्यासारखी दिसत होती. सूर्य डावीकडे आणि सावलीही डावीकडेच. पाण्यातलं प्रतिबिंब तर चक्क दुसऱ्या दिशेला तोंड करून पोहत होतं. मी यांना हाक मारली, या, बघा, अधोगती बघा. हे आले, बघितलं आणि म्हणाले, पण हंस तसा गोड आहे. मी त्यांना परत पाठवलं. मग शेजारच्या नर्सबाईला बोलावून दाखवलं. मग सगळ्या चुका खाली सविस्तर लिहिल्या.

यंत्राचं उत्तर आलं, किती सूक्ष्म निरीक्षण, मनःपूर्वक क्षमा असावी, लगेच सुधारतो. बाई गं, मला पाझर फुटला. इतकी पोरं माझ्या हाताखालून गेली, एकाने कधी मनःपूर्वक क्षमा मागितली नाही. आणि खरंच सुधारलं हो! दुसऱ्या दिवशी मान जागेवर होती. पण पाय चुकले होते. मी पायांवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी पाय बरोबर, पण आता हंस चार झाले होते. मी चौघांवर लिहिलं. मधूनमधून एखादी किटली, एखादी ओली गल्ली, दोरीवरचे कपडे असं काही यायचं, त्यावर मी येता जाता बोट ठेवायची आणि पुढे व्हायची, कारण तिथे शिकवण्यासारखं काही नव्हतंच. मी जितकं रागवावं तितके हंस वाढत गेले. मला वाटलं, विद्यार्थी ढ आहे, पण कष्टाळू आहे, अशांना टाकायचं नसतं. शेवटी शेवटी तर असा हंस काढायला लागलं की पिसापिसात नाव ठेवायला जागा उरली नाही. शिक्षिका म्हणून मला जरा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू? किट्ल्या मात्र यायच्या बंद झाल्या होत्या.

आणखी एक भानगड झाली, तीही सांगून टाकते. यंत्राने मध्येच विचारलं, तुमच्या फोनमधली चित्रं पाहू का, आवड समजायला मदत होईल. मी म्हटलं, बघ बापडा, माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? आता माझ्या फोनमध्ये असतं काय? शिट्टीमास्तर रोज सकाळी एक ‘सुप्रभात’ पाठवतात. त्यात गुलाब असतो, गुलाबावर दव असतं, दवात सूर्य असतो आणि शेजारी एक गुटगुटीत बाळ हात जोडून उभं असतं. त्यातली सगळ्यात भयंकर होती ती मी जपून ठेवली होती, चित्र कसं नसावं ते कुणाला तरी दाखवायला उपयोगी पडतील म्हणून. चांगली चित्रं फोनमध्ये कोण ठेवतं? ती डोक्यात राहतात. यंत्राला माझं डोकं उघडता आलं नाही, फोन उघडता आला. आठवड्याअखेर त्यावर अक्षरं उमटली, ‘तुमची आवड आम्हाला उमगली आहे, आभार.’ मीही उलट आभार मानले.

मग नव्या घरात चहाला माणसं बोलावली. चिरंजीवांचे ऑफिसातले चौघे, नर्सबाई, शिट्टीमास्तर आणि आम्ही दोघं. भिंतीवर चित्र टांगून वर चादर घातलेली. मी मनात किटली धरून उभी होते. चिरंजीवांनी चादर ओढली. धाकटे, काय सांगू तुला! तळं, धबधबा, सूर्यास्त, चंद्र, काठावर गुलाब, गुलाबावर दव, आणि मधोमध दारातून आत येणाऱ्याकडे रोखून बघणारे दोन हत्तीएवढे राजहंस. सावल्या अचूक, प्रतिबिंब बिनचूक. माझी किटली कुठेच नव्हती. पण मी विचार केला, ऐन वेळी सूनबाईने आपल्या मनाचं लावलेलं दिसतंय. नवं घर तिचं, संसार तिचा, चार परकी माणसं समोर. एरवी मी कुणाची भीड ठेवत नाही, पण त्या पोरीचा चेहरा कावराबावरा झाला होता. तेव्हा मी घसा खाकरला आणि म्हटलं, छान आहे. (माझ्या तोंडून हा शब्द ऐकून यांचा चहा बशीत गेला.)

त्याबरोबर सूनबाईने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला आणि सगळ्यांना सांगितलं, हे आईंनी स्वतः निवडलंय, इथला प्रत्येक हंस त्यांनी शिकवून काढून घेतलाय, आणि गुलाब त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलेल्या मास्तरांच्या सुप्रभातांमधले आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईने साक्ष दिली, की हो, मलासुद्धा हौसेने बोलावून दाखवले होते. शिट्टीमास्तरांचे तर डोळे भरून आले. म्हणाले, बाई, मी इतकी वर्षं रोज सकाळी चित्रं पाठवतोय, तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत, मला वाटायचं तुम्हाला आवडत नाहीत, आणि तुम्ही तर ती जपून ठेवलीत! मग त्यांनी मला हंसांसमोर उभं केलं आणि तो फोटो काढला. फोटोत मी हसतेय असं तुला वाटलं असेल. ते हसू नाही, मी दातओठ खात होते.

मी सूनबाईला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, मुली, खरं सांग, हे कुणाच्या आवडीचं? तिला रडूच फुटलं. तिलाही ते चित्र मुळीच आवडलं नव्हतं! दुकानात छापून आलं तेव्हा तिने दोनदा नाव तपासून पाहिलं म्हणे. पण तिला वाटलं, आई एवढ्या जाणकार, त्यात काहीतरी खोल असणार, आपल्याला कळत नसेल. नवऱ्याला विचारलं, तर चिरंजीव म्हणाले, आईच्या आवडीत पडू नकोस, लाव मुकाट्याने. म्हणजे बघ, एकाही माणसाला न आवडलेलं चित्र सगळ्यांनी एकमेकांचा मान राखून भिंतीवर चढवलं. (यांना आवडलं होतं, पण यांना धरत नाहीत.) मग तिने मला उलगडून सांगितलं. यंत्र नुसतं बोट कुठे ठेवलं ते बघत नाही. कशासमोर किती वेळ बसलात, काय मोठं करून पाहिलंत, कशावर किती लिहिलंत, कुणाला बोलावून दाखवलंत (त्याला ऐकूही येतं म्हणे), सगळ्याची नोंद घेतं. किटलीला तुम्ही एक बोट दिलंत आणि हंसांना आठवडा दिलात, आई. माणूस ज्याच्यात एवढा जीव घालतो ते त्याला आवडत असणार, असं त्याला वाटलं.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! याला आवड म्हणतात? मग डास हा माझा सगळ्यात आवडता प्राणी झाला, रात्रभर त्याच्याच मागे असते मी. मी म्हटलं, मी गप्प बसले म्हणजे पसंत आहे, एवढी साधी गोष्ट कळू नये? तुला कशी कळते? तर डोळे पुसत ती म्हणाली, मला कुठे कळत होती, लग्न होऊन आले तेव्हा मी पहिले कितीतरी दिवस रडायची. मी काही करावं आणि तुम्ही एक अक्षर बोलू नये. मग बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ती काही बोलली नाही तर पास झालीस असं समज, आणि ओरडली तर तुझ्यावर मेहनत घेतेय असं समज. पण यंत्राला सासरे नव्हते ना, आई, त्याला कोण सांगणार?

म्हणजे हे माझ्या पाठीमागे इतकी वर्षं घरोघर माझं भाषांतर करत फिरतायत, याचा मला पत्ताच नव्हता. बाहेर येऊन बघते तर स्वारी हंसांसमोर खुर्ची टाकून केक खात बसलेली.

तुला वाटेल, इथे संपलं. नाही. सूनबाई म्हणाली, यंत्राला सगळं विसरायला लावता येतं, पुन्हा शिकवू. या खेपेस जे आवडेल त्याच्याकडे खूप वेळ बघा आणि तोंड भरून छान म्हणा, नावडत्याकडे ढुंकूनही पाहू नका. तिच्यासाठी मी तेही केलं. किटलीसमोर पाय मुडपून बसले आणि जन्मात केलं नाही तेवढं कौतुक केलं. छान लिहिलं, सुंदर लिहिलं, शेवटी शब्द सुचेनात तेव्हा यांना विचारून ‘अप्रतिम’ लिहिलं. हे दारात येऊन विचारून गेले, की बरं वाटत नाहीये का, डॉक्टरांना फोन करू का. दुसऱ्या दिवशी यंत्राने काय काढलं असेल? तळ्याकाठी, सूर्यास्ताच्या वेळी, दोन किट्ल्या. तोट्या जुळवून बदाम केलेल्या. मी तो टॅबलेट उशीच्या अभ्र्यात घातला आणि सूनबाईला परत दिला. कौतुक केलं की विद्यार्थी शेफारतो हे मी पहिल्यापासून सांगत आलेय, पण ऐकतंय कोण?

तेव्हा आता तुझ्या ओळखीत जिथे जिथे तो फोटो पोचला असेल तिथे तिथे सांग, की ताईचा राजहंसांशी काडीचा संबंध नाही. तुझ्या यजमानांनाही सांग, ते अशा गोष्टी लक्षात ठेवून पुढे माणसाला भेटवस्तू आणतात. उत्तर सविस्तर लिही. तुझं अक्षर हल्ली उजवीकडे कललंय, ते सरळ कर.

तुझी,
ताई

ता. क. हंस त्या भिंतीवरून काढले. टाकून द्यायला निघाले होते, पण हे रिक्षात घालून आमच्या घरी घेऊन आले आणि झोपायच्या खोलीत आपल्या बाजूला टांगून मोकळे झाले. मी अजून त्याबद्दल काही बोललेली नाही. यावरून कुणी काही अर्थ काढू नये.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहायला घेतलं होतं. चिरंजीवांची भिंत आता रिकामी आहे, आणि सूनबाई मला विचारायला घाबरतेय. तू मागे मला तुझ्या एका चित्राचा फोटो पाठवला होतास, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आणि त्याच्यामागे भिंत, तो. ताई, कसं झालंय, असं विचारलं होतंस, आणि मी ‘पाहिलं’ एवढंच लिहिलं. त्यानंतर तू रंग आवरून माळ्यावर टाकलेस हे तुझ्या ह्यांनी आमच्या ह्यांना सांगितलं, आणि यांनी मला काल सांगितलं. तुझ्या घरी माझं भाषांतर करायला कुणी नाही, म्हणून मीच लिहिते. ते चित्र मी मोठं करून पाहिलं नाही. कुणाला हाक मारून दाखवलं नाही. फोनमध्येही ठेवलं नाही. टॉवेलचं पाणी ओघळून भिंत जिथे ओली झालीय, तिथला तो करडा रंग डोळे मिटले की अजून समोर येतो, आणि मला तसा करडा उभ्या आयुष्यात जमला नाही. त्या भिंतीवर तेच लागणार. यंत्राकडून नाही, तुझ्या हातचं, मूळ. सुरळी करू नकोस, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठव. आणि रंग आधी खाली काढ. माळ्यावर उकाडा असतो, ट्यूबा वाळून जातात, एवढी वर्षं माझी बहीण असून एवढंसुद्धा कळत नाही तुला?